डिस्क सापडली नाही तर? १९ जुलैच्या दोन बिघाडांचा एकच धडा

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी तुमच्या फोनवरही ते फोटो आले असतील. विमानतळांवरच्या निळ्या स्क्रीन, हाताने लिहिलेले बोर्डिंग पास, ऑफिसमधल्या बंद लॅपटॉपसमोर चहा पिणाऱ्या लोकांचे मीम्स. आपल्याकडे इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांच्या चेक-इनचा खोळंबा झाला, काउंटरसमोर रांगा लागल्या. बहुतेक बातम्यांचा मथळा एकच होता, 'मायक्रोसॉफ्ट डाउन'.

प्रत्यक्षात त्या दिवशी दोन वेगळे बिघाड झाले होते. एक भारतीय वेळेनुसार पहाटे, दुसरा सकाळी. दोघांची कारणं वेगळी, जबाबदार कंपन्याही वेगळ्या. पण दोन्हीकडे प्रश्न शेवटी एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबतो. कॉम्प्युटरला त्याची डिस्क कशी मिळते? आणि अपेक्षित असलेली गोष्ट जागेवर नसेल, तर आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने काय करायचं?

मी रोजच्या कामात क्लाउडवरचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. सर्व्हरला डिस्क जोडणं, ती माउंट करणं आणि हे सगळं स्क्रिप्टने आपोआप करून घेणं हा त्यातला अगदी साधा भाग. इतका साधा की त्यावर कुणी लेख लिहील असं वाटत नाही. पण १९ जुलैची गोष्ट नीट कळायची असेल, तर सुरुवात इथूनच करावी लागते.

डिस्क जोडणं आणि माउंट करणं

जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये मेमरी कार्ड काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन 'अनमाउंट एसडी कार्ड' दाबावं लागायचं, आठवतंय? तेच हे माउंट. कार्ड खाचेत बसवलं की ते फोनला जोडलं गेलं. पण त्यातले फोटो दिसायचे असतील, तर त्या कार्डावरची फाइलींची मांडणी वाचून ती एखाद्या फोल्डरच्या जागी उघडावी लागते. ही दुसरी पायरी म्हणजे माउंट करणं. फोन दोन्ही पायऱ्या एकापाठोपाठ स्वतःच करतो, त्यामुळे त्या दोन आहेत हे आपल्याला जाणवतही नाही.

क्लाउडवर या दोन पायऱ्या स्पष्टपणे वेगळ्या असतात. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट किंवा गुगलकडून तुम्ही सर्व्हर भाड्याने घेता तेव्हा तुम्हाला मिळते ती एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरचा कापून दिलेला एक तुकडा. तिची कायमची डिस्क बहुतेक वेळा त्या कॉम्प्युटरच्या आत नसतेच. ती त्याच डेटा सेंटरमध्ये दुसरीकडे, साठवणुकीच्या वेगळ्या मशीनवर असते आणि नेटवर्कवरून जोडलेली असते.

याचा फायदा मोठा आहे. मशीन बिघडली तरी डिस्क सुरक्षित राहते. एका मशीनची डिस्क सोडवून दुसऱ्या मशीनला लावता येते, तीही स्क्रू ड्रायव्हर न घेता, एका कमांडने. तोटाही यातूनच येतो. मशीन आणि डिस्क यांच्या मध्ये आता नेटवर्क आहे, परवानग्या आहेत आणि त्या सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा आहे. या मधल्या साखळीत काही चुकलं, तर दोन्ही टोकं धडधाकट असूनही काम बंद पडतं.

पहाटेचा बिघाड: अर्धवट यादी

पहिला बिघाड झाला तो मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडमध्ये, अमेरिकेतल्या 'सेंट्रल यूएस' विभागात. हा विभाग आयोवा राज्यात आहे. आपल्याकडे १९ तारखेच्या पहाटेचे सव्वातीन वाजत आले होते, तिकडे अजून १८ तारीखच होती. फ्रंटियर या अमेरिकी विमान कंपनीची उड्डाणं याच बिघाडामुळे खोळंबली.

झालं काय, ते मायक्रोसॉफ्टने नंतर सविस्तर सांगितलं. अझूरमध्ये डिस्क ठेवणाऱ्या मशीन कुणाचंही ऐकत नाहीत. ज्या कॉम्प्युटरांवर ग्राहकांच्या व्हर्च्युअल मशीन चालतात, त्यांच्या नेटवर्क पत्त्यांची एक परवानगी यादी असते. यादीत पत्ता असेल तरच डिस्कवर वाचायला किंवा लिहायला मिळतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे फ्लॅटधारकांची यादी असते, तसंच हे. डेटा सेंटरमध्ये कॉम्प्युटर येत-जात असतात, म्हणून ही यादी आपोआप तयार होते आणि आपोआप सगळीकडे पाठवली जाते.

त्या दिवशी यादी तयार करणाऱ्या यंत्रणेला बऱ्याच कॉम्प्युटरांची माहिती मिळालीच नाही. यंत्रणेने थांबून 'इतके पत्ते अचानक कसे गायब झाले' असं विचारायला हवं होतं. तिने तसं काही न विचारता अर्धवट यादी तयार केली आणि पाठवून दिली. वॉचमनने नव्या यादीप्रमाणे काम सुरू केलं. ज्यांची नावं गळली होती त्यांच्या मशीनना स्वतःचीच डिस्क मिळेना. डिस्कशी संपर्क तुटल्यावर त्या मशीन बंद पडू लागल्या, रीस्टार्ट होऊ लागल्या. डिस्क ठीक, मशीन ठीक, डेटा ठीक, आणि तरीही सेवा बंद.

साठवणुकीचा हा प्रश्न आपल्या सकाळी साडेआठच्या आत सुटला. त्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या सेवा सावरायला पुढे बराच वेळ गेला. मायक्रोसॉफ्टने ज्या सुधारणा जाहीर केल्या त्यातली एक लक्षात ठेवण्यासारखी आहे. यादी बनवताना मूळ माहिती अपुरी आहे असं दिसलं, तर यंत्रणेने तिथेच थांबायचं.

सकाळचा बिघाड: एकविसावा रकाना

एक प्रश्न मार्गी लागून जेमतेम सव्वा तास झाला असेल. ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने तिच्या फाल्कन या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी अपडेट पाठवली. या कंपनीचा अझूरच्या बिघाडाशी काहीही संबंध नव्हता. पण दोन्ही बातम्या एकाच सकाळी आल्या आणि एकमेकींत मिसळल्या.

फाल्कन हे कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर आहे. विंडोजवर त्याचा एक भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो आणि कॉम्प्युटर सुरू होतानाच लोड होतो. कंपनीने ६ ऑगस्टला जाहीर केलेल्या अहवालात कारण स्पष्ट आहे. हल्ला ओळखण्याच्या एका नव्या नियमात २१ रकाने होते. पण कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम त्यासाठी २०च माहिती पुरवत होता. आधीच्या अपडेटमध्ये एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं लिहिलेलं असायचं, त्यामुळे तो वाचायची वेळच आली नाही. १९ जुलैच्या अपडेटमध्ये पहिल्यांदा तो रकाना खरोखर वाचायला सांगितलं गेलं. प्रोग्रॅम तिथे गेला, तिथे त्याच्यासाठी काहीच नव्हतं. 'नसेल तर काय करायचं' हे लिहिलेलं नव्हतं. गाभ्यातच चूक झाल्यामुळे अख्खं विंडोज कोसळलं.

कंपनीने ही अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतली. पण ज्या कॉम्प्युटरांवर ती पोहोचली होती ते सुरू होता होताच पुन्हा कोसळत होते. जो कॉम्प्युटर सुरूच होत नाही, तो इंटरनेटवरून दुरुस्ती कशी घेणार? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार अशा विंडोज कॉम्प्युटरांची संख्या ८५ लाख होती. जगातल्या एकूण विंडोज कॉम्प्युटरांच्या १ टक्क्याहून कमी. पण हे १ टक्का विमान कंपन्या, रुग्णालयं, बँका अशा ठिकाणी बसलेले होते.

इलाज सोपा होता, तरी वेळ का लागला?

इलाज फक्त एवढाच होता की विंडोजच्या एका फोल्डरमधून एक फाइल उडवायची. फाइलच्या नावात 'सी' आणि पुढे २९१ हा क्रमांक. एवढं केलं की कॉम्प्युटर ठणठणीत.

ज्यांच्यासमोर प्रत्यक्ष लॅपटॉप किंवा काउंटरचा कॉम्प्युटर होता त्यांना तो सेफ मोडमध्ये सुरू करून फाइल काढावी लागली. म्हणजे माणूस प्रत्येक मशीनपर्यंत जायला हवा. त्यातही डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ आकडी चावी टाकायची. ही चावी ज्या सर्व्हरवर ठेवली आहे तोच सर्व्हर बंद असेल तर आणखी पंचाईत.

क्लाउडवरच्या मशीनसमोर तर कीबोर्डही नसतो. अझूरने आधी एक गमतीशीर वाटणारा सल्ला दिला, मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा, काहींना १५ वेळा करावं लागलं आहे. त्यामागे तर्क होता. कोसळण्याआधीच्या काही क्षणांत नेटवर्क जोडलं गेलं आणि सुधारलेली फाइल उतरली, तर मशीन वाचते.

नशिबावर अवलंबून नसलेला मार्ग मात्र डिस्कचा होता. त्याचा क्रम असा:

१. बिघडलेली मशीन बंद करा.
२. तिच्या डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे जशीच्या तशी प्रत घ्या. पुढे काही चुकलं तर परत येता येईल.
३. ती डिस्क एका चांगल्या मशीनला जादा डिस्क म्हणून जोडा. पेनड्राइव्ह लावतो तशी.
४. तिथे ती उघडा आणि ती एक फाइल काढा.
५. डिस्क सोडवून मूळ मशीनला परत लावा आणि मशीन सुरू करा.

आजारी मशीनला जागं न करता तिची डिस्क दुसऱ्याच्या हातात देऊन बरी करायची. डिस्क आणि मशीन वेगळे असण्याचा जो गुण आधी सांगितला, तो इथे कामी आला. पहाटे हीच रचना अडचणीचं कारण ठरली होती.

आता हिशोब करून बघा. वेबसाइटवर क्लिक करत ही पाच कामं करायला एका मशीनमागे १० मिनिटं धरली आणि कंपनीकडे ३०० मशीन असल्या, तर ५० तास होतात. तेही न चुकता. रात्रभर जागून काम करणाऱ्या माणसाने एकदा जरी चुकीची डिस्क चुकीच्या मशीनला लावली, तर एकाचे दोन प्रश्न.

म्हणूनच कमांड लाइन. अझूरमध्ये 'व्हीएम रिपेअर' नावाचा कमांडचा संच आहे. त्यातली 'क्रिएट' ही कमांड मदतनीस मशीन उभी करते आणि बिघडलेल्या डिस्कची प्रत तिला जोडते. 'रन' ही कमांड दुरुस्तीची स्क्रिप्ट चालवते. मायक्रोसॉफ्टने याच बिघाडासाठी खास स्क्रिप्ट दिली होती. 'रिस्टोर' ही कमांड बरी झालेली डिस्क मूळ मशीनला परत लावते. तीन कमांड, आणि त्या यादीतल्या प्रत्येक मशीनसाठी एकामागून एक चालवता येतात. ॲमेझॉनकडेही हेच काम करणारी तयार प्रक्रिया होती. ज्यांच्याकडे मशीनची यादी, परवानग्या आणि अशा कमांड चालवायची सवय तयार होती, त्यांचं काम तुलनेने लवकर आटोपलं असणार हे कळायला तज्ज्ञ असायची गरज नाही.

उलट बाजूचं उदाहरण डेल्टा या विमान कंपनीचं. तिची सुमारे ७,००० उड्डाणं पाच दिवसांत रद्द झाली. प्रमुख एड बॅस्टियन यांनी नुकसान ५० कोटी डॉलरच्या आसपास असल्याचं सांगितलं आणि ४०,००० सर्व्हर हाताने रीसेट करावे लागले असंही सांगितलं. डेल्टा क्राउडस्ट्राइक आणि मायक्रोसॉफ्टला जबाबदार धरते. त्या दोघांचं म्हणणं आहे की आम्ही मदत देऊ केली होती, ती घेतली गेली नाही, आणि डेल्टाची यंत्रणाच जुनी आहे. कोण बरोबर हे पुढे ठरेल. पण '४०,००० सर्व्हर' आणि 'हाताने' हे दोन शब्द एकाच वाक्यात आले की माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो.

भारत वाचला, पण कशामुळे?

रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी सांगितलं की फक्त १० बँका आणि वित्तीय कंपन्यांना किरकोळ त्रास झाला. कारणंही दिली. बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नाहीत आणि क्राउडस्ट्राइक वापरणाऱ्या बँका थोड्याच आहेत. विमान कंपन्यांच्या यंत्रणा २० जुलैच्या पहाटे ३ वाजल्यापासून पूर्ववत होत गेल्या, असं विमान वाहतूक मंत्री राम मोहन नायडू यांनी सांगितलं.

या दोन गोष्टींवरून 'क्लाउड नको, आपलं जुनंच बरं' असा निष्कर्ष काढणाऱ्या बऱ्याच पोस्ट मी पाहिल्या. मला तो पटत नाही. क्राउडस्ट्राइकचा बिघाड क्लाउडचा नव्हताच. तो कंपनीच्या स्वतःच्या खोलीतल्या सर्व्हरवरही तितकाच झाला, आणि तिथे दुरुस्ती उलट जास्त अवघड होती. आपण वाचलो ते त्या विशिष्ट सॉफ्टवेअरचे ग्राहक कमी होते म्हणून. पुढचा बिघाड आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये झाला, तर हे कारण उपयोगाचं नाही. तेव्हा प्रश्न असेल तो तयारीचा.

तीच चूक, छोट्या आकारात

ही तयारी मोठ्या कंपन्यांपुरती नाही. तुमच्यातले काहीजण पुढे-मागे एखाद्या स्टार्टअपसाठी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा गावातल्या पतसंस्थेच्या ॲपसाठी क्लाउडवर सर्व्हर चालवाल. तिथे डिस्क आपोआप माउंट करणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहाल. १९ जुलैला जे दोन ठिकाणी घडलं ते या चार ओळींतही घडू शकतं. नव्याने कामाला लागलेल्यांना मी हे शिकवतो तेव्हा प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायला लावतो. नसेल तर?

*डिस्क त्या नावाने नसेल तर?* ॲमेझॉनवर डिस्क जोडताना तुम्ही 'एसडीएफ' असं नाव देता, पण नव्या पद्धतीच्या मशीनवर आत ती 'एनव्हीएमई' ने सुरू होणाऱ्या नावाने दिसते. दोन-तीन डिस्क असतील तर रीस्टार्टनंतर त्यांचे क्रमांक बदलूही शकतात. आज जी डेटाची डिस्क आहे तिचं नाव उद्या दुसरीला. म्हणून स्क्रिप्टमध्ये नावावर विसंबू नका. प्रत्येक फाइल सिस्टिमला यूयूआयडी नावाचा कायमचा ओळख क्रमांक असतो. तो 'बीएलकेआयडी' कमांडने कळतो. माउंट करताना तोच वापरा. नाव बदलतं, आधार क्रमांक बदलत नाही, तसं.

*डिस्क कोरी नसेल तर?* नवी डिस्क वापरण्याआधी 'एमकेएफएस' ने फॉरमॅट करावी लागते. अनेक स्क्रिप्टमध्ये ही ओळ सरळ लिहून टाकलेली असते. पहिल्या दिवशी सगळं छान चालतं. सहा महिन्यांनी नवा सर्व्हर उभा करून जुनी भरलेली डिस्क त्याला जोडली आणि तीच स्क्रिप्ट चालली, तर ती इमानेइतबारे सगळा डेटा पुसून टाकते. फॉरमॅट करण्याआधी डिस्कवर फाइल सिस्टिम आहे का हे तपासणारी अट हवीच. आहे असं दिसलं तर हात लावायचा नाही. काही कळलंच नाही, तरीही हात लावायचा नाही, थांबायचं.

*डिस्क जोडलेलीच नसेल तर?* लिनक्समध्ये सुरू होताना कोणत्या डिस्क कुठे माउंट करायच्या, याची यादी 'एफएसटॅब' या फाइलमध्ये असते. यादीतली डिस्क सापडली नाही तर लिनक्स साधारण ९० सेकंद वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. घरच्या कॉम्प्युटरवर निदान स्क्रीनवर काहीतरी दिसतं. क्लाउडवर तुम्हाला फक्त एवढंच कळतं की सर्व्हरला लॉगिन होत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या, साध्या डेटाच्या डिस्कसाठी अख्खा सर्व्हर बंद! इलाज म्हणजे त्या ओळीत 'नोफेल' हा एक शब्द लिहायचा. मिळाली तर माउंट कर, नाही मिळाली तर पुढे जा. तो लिहिला नसेल तर सर्व्हर कसा सोडवायचा, तर वरच्याच पाच पायऱ्या. डिस्क काढा, दुसरीकडे लावा, फाइल दुरुस्त करा, परत लावा.

*आणि पुढे गेल्यावर?* इथे बहुतेक माहितीपर व्हिडिओ थांबतात, पण 'नोफेल' लिहून काम संपत नाही. डिस्क मिळाली नाही, सर्व्हर सुरू झाला, ॲपही सुरू झालं. ॲपला काय माहीत? 'डेटा' नावाचा फोल्डर तर आहेच, फक्त रिकामा आहे. ॲप त्यात लिहायला लागतं, म्हणजे मुख्य डिस्कवरच. ग्राहकांना त्यांचं जुनं काहीच दिसत नाही. हळूहळू मुख्य डिस्क भरते. कुणीतरी घाईत मूळ डिस्क माउंट केली, की मधल्या काळात लिहिलेलं सगळं तिच्याखाली झाकलं जातं. दिसत नाही, पण जागा मात्र खातं. म्हणून ॲप सुरू होण्याआधी त्या फोल्डरवर खरोखर डिस्क माउंट झाली आहे का, हे 'माउंटपॉइंट' कमांडने तपासायचं, किंवा सिस्टिमडीलाच सांगायचं की हा माउंट झाल्याशिवाय हे ॲप सुरू करू नको. सर्व्हर चालू राहू दे, ॲप थांबू दे, आणि माणसाला मेसेज जाऊ दे.

शेवटची सवय अगदी छोटी आहे. 'एफएसटॅब' बदलल्यावर लगेच रीस्टार्ट करायचं नाही. आधी 'माउंट -ए' चालवून बघायचं. चूक असेल तर ती तुम्ही लॉगिन असतानाच दिसते, म्हणजे सुधारताही येते.

दोष ऑटोमेशनचा का?

क्राउडस्ट्राइकनंतर 'सगळं आपोआप केल्याचा हा परिणाम' असा सूर ऐकू आला. अर्धं खरं आहे. ८५ लाख कॉम्प्युटर सव्वा तासात बंद पाडणं माणसाच्या हाताने शक्यच नव्हतं. पण शेकडो मशीनच्या डिस्क काढून, दुरुस्त करून, परत लावणंही हाताने परवडणारं नव्हतं. चूक पसरवणारं आणि चूक निस्तरणारं हत्यार एकच होतं.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. पहिलं, अपेक्षित गोष्ट नसेल तर काय करायचं हे आधीच लिहिलं आहे का. अझूरच्या यादीत ते नव्हतं, क्राउडस्ट्राइकच्या एकविसाव्या रकान्यात नव्हतं. दुसरं, बदल एकदम सगळीकडे जातो की थोड्या ठिकाणी चालवून बघून मग पुढे.

या दुसऱ्या बाबतीत तुमच्या हातातला फोन पुढे आहे. प्ले स्टोअरवर ॲपची नवी आवृत्ती आधी थोड्या टक्के लोकांना देऊन बघता येते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोन बनवणाऱ्यांना आणखी एक सोय मिळाली. सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायच्या, अपडेट वापरात नसलेल्या प्रतीवर टाकायची आणि फोन नव्या प्रतीवर सुरू झाला नाही, तर आपोआप जुनीवर परत यायचं. बऱ्याच फोनमध्ये आज हेच होतं, म्हणून रात्री अपडेट लावून झोपताना भीती वाटत नाही. क्राउडस्ट्राइकनेही आता अशा अपडेट टप्प्याटप्प्याने पाठवायचं आणि त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवू द्यायचं कबूल केलं आहे. २९ जुलैपर्यंत त्यांचे जवळपास ९९ टक्के विंडोज कॉम्प्युटर परत चालू झाले होते. दहा दिवस लागले, एका फाइलसाठी.

तुम्हाला हे स्वतः करून बघायचं असेल तर क्लाउडवर पैसे घालवायची गरज नाही. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स टाका. त्याला एक छोटी जादा डिस्क जोडा, 'एफएसटॅब' मध्ये तिची ओळ 'नोफेल' शिवाय लिहा, मशीन बंद करून डिस्क सोडवा आणि पुन्हा सुरू करा. काय होतं ते बघा, मग ती मशीन स्वतः दुरुस्त करा. अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्या नोकरीत रात्री दोन वाजता फोन वाजेल, तेव्हा हे आधी एकदा केलेलं असलं की हात थरथरत नाहीत.